महाराष्ट्रातील ख्रिस्ती कौटुंबिक कायदा आणि चर्चची भूमिका

महाराष्ट्रातील ख्रिस्ती कौटुंबिक कायदा म्हणजे राज्यातील ख्रिस्ती व्यक्तींचे विवाह, घटस्फोट, दत्तक आणि वारसा यांना लागू असणाऱ्या कायद्यांचा समूह होय. भारतीय घटस्फोट अधिनियम, १८६९, भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ आणि भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हे त्यांतील प्रमुख कायदे आहेत. या कायद्यांच्या सुधारणेत कॅथलिक व प्रोटेस्टंट चर्च, ख्रिस्ती महिला संघटना, उच्च न्यायालये आणि संसद यांचा सहभाग राहिला आहे. विवाह व घटस्फोट हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे राज्य विधिमंडळालाही त्यांवर कायदा करता येतो. तथापि ख्रिस्ती स्त्रियांच्या घटस्फोटाच्या हक्कातील मुख्य बदल विधिमंडळातून झाला नाही. तो मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ मधील निर्णय आणि संसदेने २००१ मध्ये केलेली दुरुस्ती यांमधून झाला.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १०.८ लाख ख्रिस्ती होते. हे प्रमाण राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी आहे. मुंबई, वसई, पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या भागांत ख्रिस्ती वस्ती अधिक असून पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर यांसारख्या तालुक्यांत ती अल्प आहे.

पार्श्वभूमी

मराठी प्रदेशात ख्रिस्ती मिशनऱ्यांचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढले. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. कॅथलिक समाजासाठी ‘निरोप्या’ हे मासिक १९०३ मध्ये निघाले. बालविवाह, विधवांची स्थिती आणि स्त्रीशिक्षण हे या काळातील ख्रिस्ती मराठी लेखनाचे महत्त्वाचे विषय होते. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी विधवांच्या प्रश्नावरच लिहिलेली आहे.

धर्मांतरानंतर पती किंवा पत्नीने सोबत राहण्यास नकार दिल्यास त्या विवाहाचे काय करावे, हा प्रश्न मिशनऱ्यांसमोर वारंवार उभा राहत असे. त्यासाठी १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा करण्यात आला. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून सोडले असल्यास त्या व्यक्तीला न्यायालयाकडे जाण्याची तरतूद त्यात होती. भारतातील ख्रिस्ती व्यक्तींसाठी केलेल्या आरंभीच्या कौटुंबिक कायद्यांपैकी हा एक होय.

बारामतीला लागून असलेल्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई यांनी मुक्ती मिशनची स्थापना केली. रमाबाईंचा १८८० मधील विवाह नोंदणी पद्धतीने, १८७२ च्या नागरी विवाह कायद्यानुसार झाला होता. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. निराधार व विधवा स्त्रियांना आसरा, शिक्षण आणि उद्योग देणे हे त्यांच्या कार्याचे स्वरूप होते. पुणे जिल्ह्याच्या या भागात स्त्री व कुटुंब यांविषयीच्या ख्रिस्ती कार्याचे हे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

१८६९ चा घटस्फोट कायदा

भारतीय घटस्फोट अधिनियम, १८६९ हा इंग्लंडमधील १८५७ च्या वैवाहिक कायद्याच्या धर्तीवर तयार करण्यात आला. त्याच्या कलम १० मध्ये पती व पत्नी यांच्यासाठी वेगवेगळे निकष होते. पत्नीने व्यभिचार केला, एवढे सिद्ध केल्यास पतीला घटस्फोट मिळत असे. पत्नीला मात्र पतीचा केवळ व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. व्यभिचारासोबत क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग, निषिद्ध नात्यातील व्यक्तीशी व्यभिचार, द्विभार्या विवाहासह व्यभिचार, धर्मांतर करून दुसऱ्या स्त्रीशी विवाह, बलात्कार अथवा अनैसर्गिक कृत्य यांपैकी काही तरी तिला सिद्ध करावे लागे. पती मारहाण करतो किंवा त्याने घर सोडले आहे, एवढ्यावरून ख्रिस्ती स्त्रीला घटस्फोट मागता येत नसे. तिला फार तर न्यायिक विभक्ती मिळे. तीत विवाहबंध कायम राहत असल्यामुळे पुनर्विवाहाचा मार्ग खुला होत नसे.

कायद्यातील इतर काही तरतुदीही त्याच विचारातून आलेल्या होत्या. पत्नीशी व्यभिचार करणाऱ्या पुरुषाकडून पतीला नुकसानभरपाई मागता येत असे. दाव्याच्या काळात पत्नीला मिळणारी पोटगी पतीच्या उत्पन्नाच्या एकपंचमांशापेक्षा अधिक असू शकत नसे. कलम १७ नुसार जिल्हा न्यायाधीशाने दिलेला घटस्फोटाचा हुकूम उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी कायम केल्याशिवाय अंतिम होत नसे, आणि त्यासाठी किमान सहा महिने थांबावे लागे. पुण्यापासून सुमारे १३५ किलोमीटर अंतरावरील इंदापूरसारख्या तालुक्यातील पक्षकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, जिल्हा न्यायालयात दावा जिंकल्यानंतरही प्रकरण मुंबईपर्यंत जात असे.

राज्य विधिमंडळ आणि कौटुंबिक कायदे

कौटुंबिक कायद्यांबाबत मुंबई प्रांताचे विधिमंडळ देशात अग्रेसर होते. १९४६ मध्ये त्याने हिंदू द्विभार्या विवाह प्रतिबंधक कायदा केला आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा केला. त्यामुळे संसदेने १९५५ मध्ये हिंदू विवाह अधिनियम करण्यापूर्वीच मुंबई प्रांतातील हिंदू स्त्रीला पतीने सोडून दिल्याच्या कारणावरून घटस्फोट मागता येऊ लागला.

१९४६ च्या कायद्याला ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी’ या खटल्यात आव्हान देण्यात आले. केवळ हिंदूंनाच हा निर्बंध का, असा आक्षेप त्यात घेतला होता. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने १९५१ मध्ये कायदा वैध ठरवला. सामाजिक सुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याचा अधिकार राज्याला आहे, असे मत न्यायालयाने मांडले. धर्माधारित व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत, हे या निकालातील दुसरे प्रतिपादन पुढील अनेक दशके चर्चेत राहिले. ख्रिस्ती समाजात एकपत्नीत्वाचा नियम आधीपासूनच लागू होता. त्यामुळे १९४६ च्या सुधारणेचा त्या समाजाशी थेट संबंध आला नाही.

१९९४ मध्ये बारामतीचे शरद पवार मुख्यमंत्री असताना राज्याने महिला धोरण जाहीर केले. त्याच वर्षी हिंदू उत्तराधिकार अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हिस्सेदार मानण्यात आले. ही दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. देशभर असा बदल २००५ मध्ये झाला. ख्रिस्ती व्यक्तींना भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू असल्याने मुलगा व मुलगी यांचा वारसा त्यांच्यात आधीपासूनच समान होता. मृत्युपत्र न करता निधन झालेल्या व्यक्तीला पत्नी व मुले असल्यास पत्नीला एकतृतीयांश आणि सर्व मुलांना मिळून दोनतृतीयांश मालमत्ता समान वाट्याने मिळते.

अशा प्रकारे वारशाच्या बाबतीत ख्रिस्ती स्त्रीची स्थिती तुलनेने चांगली होती, तर घटस्फोटाच्या बाबतीत ती मागे राहिली होती. अल्पसंख्य समाजाच्या व्यक्तिगत कायद्यात त्या समाजाकडून मागणी आल्याशिवाय बदल करायचा नाही, हे केंद्र सरकारचे जाहीर धोरण होते. त्यामुळे समाजाच्या वतीने कोण बोलतो, या प्रश्नाला महत्त्व आले आणि चर्चच्या भूमिकेला कायद्याच्या दृष्टीनेही वजन प्राप्त झाले.

चर्चची भूमिका

विवाहाविषयी सर्व चर्चची शिकवण सारखी नाही. कॅथलिक चर्च विवाहाला संस्कार मानते. बाप्तिस्मा झालेल्या दोन व्यक्तींमधील विधिवत व पूर्णत्वास गेलेला विवाह मृत्यूखेरीज कशानेही संपत नाही, अशी त्याची शिकवण आहे. त्यामुळे नागरी न्यायालयाने दिलेल्या घटस्फोटानंतरही संबंधित कॅथलिक व्यक्तीला चर्चमध्ये पुनर्विवाह करता येत नाही. विवाह मुळातच अवैध होता, असे चर्चच्या न्यायाधिकरणाने ठरवल्यासच तो मार्ग खुला होतो. ही प्रक्रिया पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सुलभ केली. प्रोटेस्टंट चर्च विवाह आजीवन असावा असे मानतात, परंतु त्यांच्यापैकी अनेक काही परिस्थितींत घटस्फोट व पुनर्विवाह मान्य करतात. महाराष्ट्रातील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये समाविष्ट झाल्या.

या भिन्नतेमुळे सर्वांना मान्य होईल असा एकच ख्रिस्ती विवाह कायदा तयार करणे कठीण गेले. विधी आयोगाने आपल्या १५ व्या अहवालात (१९६०) ख्रिस्ती विवाह व घटस्फोट कायद्याचा विचार केला. त्यानंतर १९६२ मध्ये संसदेत विधेयक मांडले गेले, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. १९८३ मध्ये आयोगाने ९० व्या अहवालात पुन्हा कलम १० मधील भेदभाव दूर करण्याची शिफारस केली.

१९८० च्या दशकापासून ख्रिस्ती महिला संघटनांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. पुढे कॅथलिक बिशपांची परिषद, प्रोटेस्टंट चर्च आणि महिला संघटना यांच्यातील विचारविनिमयातून नव्या कायद्यांचे मसुदे तयार होऊन केंद्र सरकारकडे गेले. नागरी कायदा सर्व ख्रिस्ती नागरिकांसाठी असतो आणि चर्चचा धर्मनियम श्रद्धावानांवर स्वतंत्रपणे बंधनकारक राहतो, अशी विभागणी स्वीकारली गेल्यामुळे सुधारणेला मोठा संघटित विरोध उरला नाही. विवाहाच्या अविभाज्यतेची शिकवण कॅथलिक चर्चने सोडली नाही. मात्र ती शिकवण नागरी कायद्याने सर्वांवर लादावी, असा आग्रहही धरला नाही.

न्यायालयीन निर्णय आणि २००१ ची दुरुस्ती

केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कलम १० मधील काही भाग घटनाबाह्य ठरवला. क्रूरता किंवा परित्याग या कारणांसोबत व्यभिचारही सिद्ध करण्याची अट त्यामुळे त्या राज्यात दूर झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये त्याच दिशेने निर्णय दिला. ख्रिस्ती स्त्रीवर लादलेली ही अट समानता, लिंगभेदापासून संरक्षण आणि सन्मानाने जगण्याचा हक्क यांच्या विरुद्ध आहे, असे पूर्णपीठाने ठरवले. जिल्हा न्यायालयाच्या हुकमाला उच्च न्यायालयाची पुष्टी आवश्यक करणारे कलम १७ देखील रद्द करण्यात आले. या निर्णयानंतर महाराष्ट्रातील ख्रिस्ती स्त्रीला केवळ क्रूरतेच्या किंवा केवळ परित्यागाच्या कारणावरून घटस्फोट मागणे शक्य झाले.

संसदेने २००१ मध्ये मूळ कायद्यात व्यापक दुरुस्ती केली. ती ३ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाली. तिच्यातील मुख्य बदल पुढीलप्रमाणे होते.

• पती व पत्नी यांच्यासाठी घटस्फोटाची समान कारणे निश्चित करण्यात आली. त्यांत व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, मनोविकार आणि सात वर्षे ठावठिकाणा नसणे इत्यादींचा समावेश होता.
• बलात्कार व अनैसर्गिक कृत्य ही पत्नीसाठीची अतिरिक्त कारणे कायम ठेवण्यात आली.
• कलम १०-अ अन्वये परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची सोय झाली.
• उच्च न्यायालयाच्या पुष्टीची आवश्यकता देशभर संपली.
• व्यभिचारी पुरुषाकडून नुकसानभरपाई घेण्याची तरतूद वगळण्यात आली.
• अंतरिम पोटगीवरील एकपंचमांशाची मर्यादा काढून टाकण्यात आली.
• कायद्याच्या नावातील ‘भारतीय’ हा शब्द वगळून ‘घटस्फोट अधिनियम, १८६९’ असे नाव करण्यात आले.

कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ च्या दुरुस्तीने इतर व्यक्तिगत कायद्यांप्रमाणे या कायद्यातूनही वगळले गेले.

परस्पर संमतीच्या तरतुदीत एक फरक मात्र राहिला. हिंदू विवाह अधिनियम व विशेष विवाह अधिनियम यांनुसार अर्जापूर्वी एक वर्ष विभक्त राहणे पुरेसे असते, तर ख्रिस्ती दांपत्यासाठी कलम १०-अ मध्ये दोन वर्षांची अट आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही मुदत एक वर्ष अशी वाचावी, असा निर्णय दिला.

धर्मन्यायालय व नागरी न्यायालय

चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह अवैध ठरवला म्हणजे नागरी कायद्यानेही तो संपला, असा समज काही कॅथलिक कुटुंबांत आढळत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हा समज चुकीचा असल्याचे स्पष्ट केले. चर्चकडून विवाह रद्द करून घेतला, पण न्यायालयातून घटस्फोट घेतला नाही, अशा व्यक्तीचा पहिला विवाह कायद्याच्या दृष्टीने चालूच राहतो. त्यामुळे तिचा दुसरा विवाह अवैध ठरतो आणि दुसऱ्या जोडीदाराचे पोटगी व वारसा यांसंबंधीचे हक्क धोक्यात येतात. धर्मन्यायालयाच्या निर्णयांना कायदेशीर मान्यता मिळावी, अशी मागणी करणारी जनहित याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली.

गोव्यातील परिस्थिती ऐतिहासिक कारणांमुळे वेगळी आहे. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि तिच्याशी संलग्न कायदे लागू राहिले, तसेच १९४६ च्या पोर्तुगीज हुकूमनाम्याने चर्चमधील कॅथलिक विवाहांना विशेष स्थान दिले. महाराष्ट्रातील ख्रिस्ती व्यक्तींना ही व्यवस्था लागू नाही.

कुटुंबाशी संबंधित इतर धोरणे

कुटुंबनियोजन : पोप पॉल सहावे यांच्या १९६८ मधील परिपत्रकाने कृत्रिम संततिनियमन व नसबंदी यांना कॅथलिक शिकवणीच्या विरुद्ध मानले. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक मंजूर केले. तीन अपत्ये असलेल्या दांपत्याला नसबंदी सक्तीची करण्याची तरतूद त्यात होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

दोन अपत्यांचा नियम : १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये झालेल्या व्यक्तीला राज्यातील ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांतील ग्रामपंचायतींनाही हा नियम सर्व धर्मीयांसाठी सारखाच लागू आहे. राज्य शासनाच्या नोकरीसाठी २००५ पासून लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. हरियाणातील अशाच नियमाला धर्मस्वातंत्र्याच्या आधारे दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये फेटाळले होते.

गर्भपात : केंद्र सरकारने १९६४ मध्ये नेमलेल्या शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. कॅथलिक चर्चचा गर्भपाताला तत्त्वतः विरोध आहे. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट प्रवर्गांतील स्त्रियांसाठी कालमर्यादा २० वरून २४ आठवडे करण्यात आली.

दत्तक : ख्रिस्ती व्यक्तिगत कायद्यात दत्तकाची तरतूद नसल्याने दांपत्याला १८९० च्या कायद्यानुसार केवळ पालकत्व मिळत असे आणि मूल सज्ञान होताच ते संपत असे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ख्रिस्ती दांपत्याचा दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला. पुढे बाल न्याय कायद्याने सर्व धर्मीयांसाठी दत्तकाचा मार्ग खुला केला.

इतर प्रदेशांशी तुलना

केरळमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या मोठी असल्याने राज्याच्या कौटुंबिक धोरणावर चर्च उघडपणे भूमिका घेते. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०११ मध्ये दोनपेक्षा अधिक अपत्यांवर दंडात्मक उपाय सुचवले, तेव्हा कॅथलिक चर्चने त्यांना तीव्र विरोध केला. २०२१ मध्ये केरळमधील पाला धर्मप्रांताने पाच किंवा अधिक अपत्ये असलेल्या कुटुंबांना साहाय्य जाहीर केले.

अमेरिकेत कौटुंबिक कायदे मुख्यतः राज्य विधिमंडळांच्या अधिकारात येतात. तेथे जेम्स डॉब्सन यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेल्या ‘फोकस ऑन द फॅमिली’ या संस्थेशी संबंधित राज्यस्तरीय कुटुंबधोरण परिषदा विधिमंडळांत सातत्याने पाठपुरावा करतात. घटस्फोट अधिक कठीण करणारा ‘करारबद्ध विवाह’ हा पर्याय लुइझियानाने १९९७ मध्ये, ॲरिझोनाने १९९८ मध्ये आणि आर्कान्साने २००१ मध्ये स्वीकारला. लुइझियानात घटस्फोटावर अधिक बंधने घालणारा पर्याय आला, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ख्रिस्ती स्त्रीसाठी घटस्फोटाची अट शिथिल केली. महाराष्ट्रात अशा स्वरूपाची विधिमंडळकेंद्री ख्रिस्ती चळवळ उभी राहिली नाही. अल्प व विखुरलेली लोकसंख्या, चर्चमधील पंथभेद आणि विषयाचा केंद्रीय कायद्यांशी असलेला संबंध ही त्यामागील कारणे मानता येतात.

सद्यस्थिती

ख्रिस्ती दांपत्याला आज दोन पद्धतींनी विवाह करता येतो. पहिली पद्धत १८७२ च्या कायद्यानुसार अधिकृत धर्मगुरू, परवानाधारक व्यक्ती किंवा विवाह निबंधक यांच्यासमोर विवाह करण्याची आहे. दुसरी पद्धत विशेष विवाह अधिनियम, १९५४ नुसार तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी विवाह करण्याची आहे. वराचे किमान वय २१ वर्षे आणि वधूचे १८ वर्षे असावे लागते. घटस्फोटाचा अर्ज जिल्हा न्यायालयात, आणि कौटुंबिक न्यायालयाचे अधिकारक्षेत्र असल्यास त्या न्यायालयात करावा लागतो. बारामती येथे जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांतील स्त्रियांना लागू असल्याने घटस्फोट न मागताही ख्रिस्ती स्त्रीला संरक्षण, निवास व निर्वाहखर्च यांसाठी दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

उत्तराखंड विधानसभेने २०२४ मध्ये समान नागरी संहिता मंजूर केली. त्यामुळे कौटुंबिक कायद्यांच्या बाबतीत राज्य विधिमंडळांचा अधिकार पुन्हा चर्चेत आला. महाराष्ट्रात ख्रिस्ती विवाह व घटस्फोट यांना आजही अनुक्रमे १८७२ व १८६९ चे केंद्रीय कायदेच लागू आहेत.

हे सुद्धा पहा

• पंडिता रमाबाई
• मुक्ती मिशन, केडगाव
• विशेष विवाह अधिनियम, १९५४
• समान नागरी कायदा
• महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्म